तळ्यात विष कोणी टाकले?

सकाळी तळ्यावर गेलेल्या माणसाला पांढरी पोटे वर करून तरंगणारे मासे दिसतात आणि तासाभरात गावभर एकच बातमी होते: कोणीतरी विष टाकले. मग भाऊबंदकी, तलावाच्या ठेक्यावरून झालेले वाद, सोसायटीतले राजकारण, सगळे उकरून निघते. कीटकनाशक टाकून मासे मारण्याचे प्रकार घडतात, हे खरेच आहे. पण आधीचे काही दिवस पाणी गडद हिरवे झालेले असेल, हवा उष्ण किंवा ढगाळ असेल आणि मासे एका रात्रीत मेले असतील, तर संशयिताचे नाव घेण्याआधी पाण्याकडे नीट पाहावे. अशा तळ्यात मासे बहुधा विषाने मरत नाहीत, गुदमरून मरतात. आणि विष असलेच, तर तेही तळ्यातच तयार झालेले असू शकते.

हिरव्या पाण्यात असते काय?

तळ्याचे पाणी थोडे हिरवट असणे चांगलेच. त्यातली सूक्ष्म शेवाळे माशांच्या अन्नसाखळीचा पाया असतात आणि पाण्यात ऑक्सिजन सोडतात. मत्स्यशेती करणारे शेणखत टाकून हा हिरवटपणा मुद्दाम आणतात. प्रश्न येतो तो शेवाळाची वाढ बेसुमार झाल्यावर.

ही वाढ अनेकदा नीलहरित शेवाळाची असते. नावात शेवाळ असले तरी हे खरे तर जिवाणू आहेत. सूर्यप्रकाशावर अन्न तयार करणारे सायनोबॅक्टेरिया. मायक्रोसिस्टिस, अ‍ॅनाबिना, ऑसिलेटोरिया ही त्यांतली गोड्या पाण्यात नेहमी भेटणारी नावे. सगळेच घातक नसतात. आरोग्यपूरक म्हणून डबीत विकली जाणारी स्पिरुलिना याच कुळातली. मात्र काही जाती यकृतावर किंवा मज्जासंस्थेवर परिणाम करणारी विषे बनवतात.

मायक्रोसिस्टिसच्या पेशींत वायूने भरलेल्या सूक्ष्म पोकळ्या असतात. त्यांच्या जोरावर तो पाण्यात वर-खाली करू शकतो. वारा पडलेल्या उन्हाळी दिवसांत तो पृष्ठभागावर येऊन साय धरतो, खालच्या इतर शेवाळांचा उजेड अडवतो आणि तळ्यावर कब्जा करतो. वाऱ्याची झुळूक आली की ही साय एका काठाला जाऊन साचते. त्यामुळे एकाच तळ्याचा एक काठ स्वच्छ आणि दुसरा हिरवा, असे दृश्य दिसते. तपासणीसाठी पाणी कोणत्या काठाचे घेतले, यावर अहवाल बदलतो तो यामुळेच.

काही तळ्यांवर हिरव्याऐवजी विटकरी-लाल थर येतो. तो बहुतेकदा युग्लिना या सूक्ष्मजीवाचा असतो. ऊन चढले की थर लालभडक होतो आणि उजेड कमी झाला की हिरवट दिसू लागतो. युग्लिनाच्या काही जातीही माशांना मारणारे विष बनवतात.

काठी आणि बाटली

प्रयोगशाळा दूर असली तरी दोन साध्या चाचण्या तळ्याच्या काठावर करता येतात. हातात रबरी मोजे मात्र हवेत.

पहिली काठीची. हिरव्या थरात काठी बुडवून वर काढा. काठीला केसांसारखे लांब धागे लोंबले, तर ते धाग्याचे शेवाळ; कटकटीचे, पण सहसा विषारी नव्हे. काठी रंगाच्या डब्यात बुडवल्यासारखी सरसकट हिरवी माखली, तर नीलहरित शेवाळाचा संशय घ्यावा.

दुसरी बाटलीची. रुंद तोंडाची पारदर्शक बाटली पृष्ठभागाच्या जरा खालच्या पाण्याने पाऊण भरायची, झाकण लावायचे आणि रात्रभर फ्रीजमध्ये न हलवता ठेवायची. सकाळी हिरवा गाळ तळाशी बसलेला असेल, तर ती साधी शेवाळे. वर कड्यासारखा हिरवा थर जमून खालचे पाणी निवळले असेल, तर ते नीलहरित शेवाळ असण्याची शक्यता मोठी. बाटली गच्च भरायची नाही आणि खाण्याच्या पदार्थांपासून दूर ठेवायची. विष आहे की नाही हे या चाचण्या सांगत नाहीत. ते प्रयोगशाळेतच कळते. पण गुरे त्या काठावर सोडायची की नाही, एवढा निर्णय त्यावर घेता येतो.

दुपारी उधळण, पहाटे दुष्काळ

माशांच्या मृत्यूचे मुख्य कारण ऑक्सिजनच्या रोजच्या चढउतारात आहे. दिवसा शेवाळे प्रकाशसंश्लेषण करतात. दाट हिरव्या तळ्यात दुपारी ३-४ च्या सुमारास लिटरमागे १५ मिलिग्रॅमहून जास्त ऑक्सिजन मिळू शकतो. या वेळी मीटर बुडवणाऱ्याला तळे अगदी ठणठणीत वाटते.

सूर्य मावळला की ऑक्सिजन तयार होणे थांबते. श्वसन थांबत नाही. मासे, जिवाणू, गाळातले जीव आणि खुद्द शेवाळे रात्रभर ऑक्सिजन वापरत राहतात. सर्वांत मोठा वाटा अनेकदा शेवाळाचाच असतो. साठा घटत घटत पहाटे तळ गाठतो. कार्प माशांना लिटरमागे ५ मिलिग्रॅम ऑक्सिजन असला की बरे असते. ३ च्या खाली त्यांच्यावर ताण येतो आणि १ च्या आसपास तो रेंगाळला तर मासे मरू लागतात.

पहाटे ५ च्या सुमारास बॅटरी घेऊन तळ्यावर गेले तर हा प्रकार डोळ्यांनी दिसतो. मासे पृष्ठभागाशी तिरके उभे राहून तोंडाची उघडझाप करत असतात. जिथून पाणी आत येते तिथे त्यांची गर्दी होते. माणसाची चाहूल लागली तरी ते खाली पळत नाहीत. सूर्य वर आला की तासा-दोन तासांत सगळे पूर्ववत होते आणि सकाळी ९ वाजता येणाऱ्याला काहीच कळत नाही. मासे मरण्याआधी अनेकदा असे इशारे मिळून गेलेले असतात. तळ्यावर त्या वेळी कोणी नसते, इतकेच.

गरम पाण्यात ऑक्सिजन मुळातच कमी मावतो. २० अंश सेल्सियसला लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम विरघळू शकतो, ३० अंशांना जेमतेम साडेसात. उलट गरम पाण्यात माशांची आणि जिवाणूंची भूक वाढते. मे महिन्यात पाणी आटलेल्या तळ्यात हे दोन्ही एकदम घडते.

ढगाळ आठवडा आणि वळवाचा पाऊस

मग एखादी विशिष्ट रात्रच घातक का ठरते? कारणे साधारण तीन.

पहिले, ढगाळ हवा. सलग दोन-तीन दिवस ऊन मिळाले नाही की दिवसाची कमाई घटते, रात्रीचा खर्च तेवढाच राहतो आणि साठा रोज थोडा थोडा खाली येतो.

दुसरे, पाणी उलटणे. उन्हाळ्यात खोल तळ्याचे थर पडतात. वर गरम, हलके पाणी. खाली थंड, ऑक्सिजन संपलेले, गाळातल्या वायूंनी भरलेले पाणी. वळवाचा जोरदार पाऊस आणि वादळी वारा आला की वरचे पाणी झटक्यात थंड होते, जड होऊन खाली जाते आणि तळचे पाणी वर येते. पहिल्या पावसानंतर मासे मेल्याच्या तक्रारी येतात त्यामागे अनेकदा हेच असते. त्यात शेतातून आणि गटारांतून वाहून आलेली घाण भर घालते.

तिसरे, शेवाळाचे एकदम मरणे. पोषण संपले, हवा बदलली किंवा कोणी शेवाळनाशक टाकले, तर सगळे शेवाळ काही दिवसांत मरते. हिरवे पाणी तपकिरी किंवा काळपट होते, वास मारू लागते. मेलेले शेवाळ कुजवणारे जिवाणू उरलासुरला ऑक्सिजन संपवतात, आणि तो परत भरून काढायला जिवंत शेवाळही उरलेले नसते.

कुजणाऱ्या सेंद्रिय पदार्थांचा हा परिणाम शेवाळाशिवायही होतो. मुंबईत वाळकेश्वरच्या बाणगंगा तलावात पितृपक्षानंतर मासे मेल्याच्या बातम्या अनेकदा आल्या आहेत. पाण्यात सोडलेली पिंडे, अन्न आणि निर्माल्य कुजते आणि माशांच्या वाट्याचा ऑक्सिजन संपतो.

अमोनियाचा दुसरा घाव

माशांच्या उत्सर्जनातून आणि उरलेल्या खाद्यातून पाण्यात अमोनिया येतो. तो दोन रूपांत असतो. त्यांतले एक फारसे त्रासदायक नाही. दुसरे, म्हणजे मुक्त अमोनिया, कल्ल्यांना जाळतो. कोणते रूप किती, हे पाण्याच्या सामूवर ठरते. पाणी ३० अंशांचे असेल तर सामू ७ ला मुक्त अमोनिया एकूण अमोनियाच्या १ टक्क्याहूनही कमी असतो. सामू ८ झाला की ७-८ टक्के आणि ९ झाला की सुमारे ४५ टक्के.

दाट शेवाळ दिवसा पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेते, त्यामुळे दुपारी सामू ९ च्याही वर जाऊ शकतो. म्हणजे पहाटे ऑक्सिजन नाही आणि दुपारी अमोनिया तेज, अशा कात्रीत मासे सापडतात. याच कारणाने हिरव्यागार तळ्यात घाईने चुना टाकणे अंगाशी येते. चुना सामू आणखी वर नेतो.

शेवाळाचे खरे विष

नीलहरित शेवाळाच्या विषाची नोंद जुनी आहे. ऑस्ट्रेलियातल्या लेक अलेक्झांड्रिना या सरोवराचे पाणी पिऊन मेंढ्या, घोडे, डुकरे आणि कुत्री मेल्याचे जॉर्ज फ्रान्सिस यांनी १८७८ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात लिहिले होते. सर्वांत जास्त आढळणारे विष मायक्रोसिस्टिन. ते यकृतावर घाला घालते. अ‍ॅनाटॉक्सिन मज्जासंस्थेवर काम करते आणि गुरे किंवा कुत्री त्याने फार लवकर दगावू शकतात.

माणसांनाही याची झळ बसली आहे. ब्राझीलमधल्या कारुआरू शहरात १९९६ मध्ये एका डायलिसिस केंद्रात वापरलेल्या पाण्यात मायक्रोसिस्टिन होते. ५० हून अधिक रुग्णांचा यकृत निकामी होऊन मृत्यू झाला. अमेरिकेतल्या टोलेडो शहरात ऑगस्ट २०१४ मध्ये लेक ईरीमधल्या शेवाळामुळे सुमारे ५ लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. ते पाणी उकळूही नका, असा इशारा सोबत होता. मायक्रोसिस्टिन उकळण्याने नष्ट होत नाही. उलट पाण्याची वाफ झाल्याने त्याचे प्रमाण वाढते, आणि पेशी फुटून आतले विष बाहेर येते. पिण्याच्या पाण्यात मायक्रोसिस्टिन-एलआर दीर्घकाळासाठी लिटरमागे १ मायक्रोग्रॅमपेक्षा जास्त नसावे, असे जागतिक आरोग्य संघटनेचे मार्गदर्शन आहे.

म्हणून हिरवी साय आलेल्या तळ्यावर गुरांना पाणी पाजू नये, मुलांना पोहू देऊ नये. अशा तळ्यात मेलेले मासे स्वस्तात मिळाले तरी खाऊ किंवा विकू नयेत. जिवंत पकडलेल्या माशांतही विष मुख्यतः यकृतात आणि आतड्यांत साठते आणि शिजवून जात नाही. साय ओसरून पाणी निवळेपर्यंत मासेमारी थांबवणे उत्तम.

गुदमरले, विष घातले की रोग?

मेलेले मासे गोळा करून फेकण्याआधी अर्धा तास निरीक्षणाला द्यावा. पुढच्या खुणा बऱ्यापैकी भरवशाच्या आहेत.

- वेळ: ऑक्सिजन संपल्याने होणारे मृत्यू रात्री उशिरा ते सूर्योदय या वेळात होतात. कीटकनाशकाला वेळकाळ नसतो.
- आकार: ऑक्सिजन कमी पडला की आधी मोठे मासे जातात. विषाने लहान मासे आणि बोटुकली आधी किंवा सगळे एकदम मरतात.
- जात: चंदेरा आणि कटला लवकर गुदमरतात. मरळ आणि मागूर हवेतला श्वास घेऊ शकतात, म्हणून तगून राहतात. मरळसुद्धा मेली असेल तर विषाचा संशय बळावतो.
- वागणे: गुदमरणारा मासा तोंड वर काढून हवा गिळतो. कीटकनाशकाने मासा गिरक्या घेतो, उड्या मारतो, त्याला झटके येतात.
- देह: गुदमरलेल्या माशाचे तोंड उघडे आणि कल्ले फाकलेले असतात.
- इतर जीव: बेडूक आणि पाणकिडेही मेले असतील तर बाहेरून काही आले असण्याची शक्यता जास्त.
- गती: रोगाने मासे रोज थोडे थोडे मरतात, एका रात्रीत तळे रिकामे होत नाही.

नमुना घ्यायचा तो त्याच सकाळी, सूर्य वर येण्याआधी. ऑक्सिजन आणि सामू तळ्यावरच मोजावे. बाटलीत भरून नेले की दोन्ही बदलतात. शेवाळाच्या तपासणीचे पाणी अंधाऱ्या, थंड डब्यात न्यावे. मासे मरणाच्या वाटेवर असलेले किंवा नुकतेच मेलेले घ्यावेत आणि बर्फात ठेवावेत. कुजलेल्या माशावरून प्रयोगशाळेला फारसे काही सांगता येत नाही. पंचनामा दुपारी झाला, पाणी दुपारी भरले आणि अहवालात ऑक्सिजन भरपूर आला, की ‘ऑक्सिजन होता, म्हणजे विषच’ हा चुकीचा निष्कर्ष कागदावर कायमचा बसतो.

मासे वर आले तर

पहिले काम खाद्य बंद करणे. खाल्लेले पचवायला माशाला जास्त ऑक्सिजन लागतो आणि न खाल्लेले तळाशी कुजते. खत आणि शेणही बंद.

दुसरे, पाण्याला हवा देणे. एअरेटर असेल तर मध्यरात्रीपासून सूर्य चांगला वर येईपर्यंत चालवावा. नसेल तर शेतीच्या मोटारीने तळ्याचेच पाणी उपसून उंचावरून फवारत तळ्यात पाडावे. विहिरीचे किंवा बोअरचे ताजे पाणी सोडायचे असेल तर तेही उंचावरूनच. जमिनीखालच्या पाण्यात ऑक्सिजन कमी असतो. ग्रामीण भागात रात्रीची वीज भरवशाची नसते, म्हणून डिझेल पंपाची सोय आधीच लावून ठेवावी. शक्य असेल तर विक्रीयोग्य मासे, ते अजून धडधाकट असतानाच आणि पाण्यावर विषारी शेवाळाचा संशय नसेल तर, काढून घ्यावेत.

मेलेले मासे त्याच दिवशी काढून पाण्यापासून दूर खड्ड्यात पुरावेत. ते तळ्यात कुजले तर आणखी ऑक्सिजन जातो.

मोरचूद मात्र टाकू नये. मोरचुदाने शेवाळ मरते खरे, पण ते एकदम मरते. त्याच्या कुजण्याने ऑक्सिजन कोसळतो आणि पेशींत कोंडलेले विष पाण्यात मोकळे होते. पाण्याची क्षारता कमी असेल तर मोरचुदातले तांबे स्वतःच माशांना मारते. म्हणजे वाचवायला गेलेला माणूसच तळे रिकामे करतो.

फॉस्फरस कुठून येतो?

शेवाळ इतके माजते कशावर? याचे सर्वांत गाजलेले उत्तर कॅनडातून आले. ओंटारिओ प्रांताच्या वायव्येला तळ्यांवर थेट प्रयोग करण्यासाठी राखलेले क्षेत्र आहे. तिथे डेव्हिड शिंडलर आणि सहकाऱ्यांनी १९७३ मध्ये २२६ क्रमांकाच्या तळ्याचे प्लॅस्टिकच्या पडद्याने दोन भाग केले. एका भागात कार्बन आणि नायट्रोजन टाकले, दुसऱ्यात त्यांच्या जोडीला फॉस्फरस. फॉस्फरसचा भाग हिरवागार झाला, दुसरा निवळ राहिला. विमानातून घेतलेले त्या तळ्याचे छायाचित्र जगभर पोचले आणि अनेक देशांत साबण-डिटर्जंटमधल्या फॉस्फेटवर निर्बंध आणायला या संशोधनाची मदत झाली. नायट्रोजनही वाढीला हातभार लावतो, पण काही नीलहरित शेवाळे तो थेट हवेतून घेऊ शकतात. फॉस्फरसची अशी सोय नसते.

आपल्याकडे तो येतो सांडपाणी, डिटर्जंट, शेतातून वाहून आलेले खत, गोठ्याची धुवण, निर्माल्य आणि गरजेपेक्षा जास्त टाकलेले मत्स्यखाद्य यांतून. कोल्हापूरच्या रंकाळ्याने नाल्यांतून येणाऱ्या सांडपाण्याची फळे वर्षानुवर्षे भोगली आहेत. प्लॅस्टिकच्या अस्तराच्या शेततळ्यात अडचण निराळी. तिथे पाणी बाहेर जायला वाट नसते आणि टाकलेल्या प्रत्येक किलो खाद्यातला न वापरलेला भाग तळ्यातच राहतो.

आलेला फॉस्फरस गाळात बसतो आणि तळाशी ऑक्सिजन संपला की पुन्हा पाण्यात उतरतो. म्हणून नाला बंद केल्यावरही तळे काही वर्षे हिरवे होत राहते. ‘इतका खर्च करून फरक पडला नाही’ ही तक्रार बहुतेक ठिकाणी या गाळामुळे येते.

तळे सावरायचे कसे?

छोट्या तळ्यासाठी सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे उन्हाळ्यात ते आटवून गाळ काढणे. तोच गाळ शेतात टाकला तर फॉस्फरस पिकाच्या कामी येतो. राज्यात २०१७ पासून राबवलेल्या ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेचा व्यवहारही हाच. मात्र गावाचे सांडपाणी घेणाऱ्या तळ्याचा गाळ आधी तपासून घ्यावा.

बाकीची कामे रोजच्या शिस्तीची. खाद्य माशांच्या वजनाच्या साधारण २-३ टक्क्यांपुरतेच आणि ढगाळ दिवशी त्याहून कमी. बोटुकलीची संख्या तळ्याला झेपेल इतकीच. शेत आणि तळे यांमध्ये गवताचा पट्टा. गोठ्याचे पाणी दुसरीकडे वळवलेले. केवळ चंदेरा सोडून शेवाळ संपवण्याच्या भरवशावर राहू नये. मायक्रोसिस्टिसच्या चिकट वेष्टणामुळे त्याचा बराच भाग माशाच्या आतड्यातून जिवंत बाहेर पडतो.

पाण्याची पारदर्शकता आठवड्याला एकदा पाहावी. हात कोपरापर्यंत पाण्यात बुडवायचा. तळवा अंधूक दिसला तर ठीक. मनगटही दिसेनासे झाले तर खत आणि खाद्य त्याच दिवशी थांबवायचे आणि रात्री एअरेटरची तयारी ठेवायची. निर्णयापुरती माहिती यातून मिळते आणि खर्च काहीच येत नाही.

गावतलावाला आणि शहरातल्या तलावाला हे पुरत नाही, कारण तिथे फॉस्फरस आणणारे शेकडो हात असतात. सांडपाण्याचा नाला वळवणे किंवा शुद्ध करणे हे ग्रामपंचायतीचे आणि नगरपालिकेचे काम; तलाव ठेक्याने घेणारी मच्छीमार सोसायटी ते करू शकत नाही. तिच्या हातात असते ती नोंद. पहाटेचा ऑक्सिजन, पाण्याचा रंग, हवामान आणि मेलेल्या माशांची जात व आकार वहीत तारखेनिशी लिहिलेले असले, तर पुढच्या वेळी विष टाकले कोणी, या वादाऐवजी नाल्याचे काय करणार, हा प्रश्न ग्रामसभेत पुराव्यासह विचारता येतो.